जपानी बोटीपाशी हाक

टाचणी नवरीच्या काखेखाली रुतली. नवरी नुसतं "स्स" म्हणाली, तेव्हा लुह वार्सिकीच्या लक्षात आलं की फोन ऐकताना आपला हात थांबलाच नव्हता. पंचवीस वर्षांत तिने कुणाला टाचणी टोचली नव्हती. सुलावेसी रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या तिच्या दुकानाची ख्यातीच ती होती. देनपसारच्या बायका म्हणत, केबाया शिवायचा तर म्बोक लुहकडे जा, एखादवेळी दिवस चुकवेल, पण अंगाला बोट लागलेलं कळायचं नाही. चोळीसारख्या घट्ट केबायाच्या फिकट पिवळ्या रेशमावर मोहरीएवढा लाल ठिपका उमटला. नवरीच्या आईने तो पाहिला, मग वार्सिकीकडे पाहिलं, आणि तालेवार घरच्या बायका अशा वेळी करतात तेच केलं. मनातल्या मनात दुसऱ्या शिंपिणीचं नाव काढून ठेवलं. "तुझीच थुंकी लाव," वार्सिकी नवरीला म्हणाली. "ज्याचं रक्त त्याचीच थुंकी. डाग जातो." आणि फोन अजून खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेलाच होता. त्यात तिचा थोरला भाऊ पुतु म्हणत होता, "ऐकतेयस ना? लुह? ऐकतेयस ना?"

ती ऐकत होती. पुतुला नातू झाला त्याला बारा दिवस झाले होते, आणि घरचे सगळे अंगात येणाऱ्या बालियान बाईकडे विचारायला गेले होते की पाळण्यात आलं आहे ते कोण. गेलेल्यांपैकी कुणीतरी आलेलं असतंच, फक्त नाव कळायचं असतं. "बाई म्हणाली, आपले बापाच आलेत," पुतु सांगत होता. "म्हटलं बरं झालं. मग तिचा आवाज बदलला. म्हणाली, म्हाताऱ्याच्या मागे एक उभा आहे, केस ओले. म्हणतो, मला नीट कुणी बोलावलंच नाही. मी अजून बोटीपाशीच आहे."

"मेमेने ऐकलं?" तिने आईबद्दल विचारलं.

"मेमेच तर पुढे बसली होती."

"काय म्हणाली?"

"काही नाही. रस्त्याने येताना म्हणाली, लुहला बोलाव." मग पुतु म्हणाला, "बाईने सांगितलंय, या वेळी काठावरून हाक मारून नाही चालायचं. बोटीच्या वर जाऊन हाक मारायची. आणि मारणाऱ्याचं डोकं ओलं हवं."

त्या दिवशी वार्सिकीने आणखी दोन केबाये बेतले, इस्त्री केली, कुलूप लावलं, आणि खोलीवर येऊन भात शिजवला तेव्हा तिला कळलं की आपण तो दोघांचा शिजवला आहे. ती एकटी राहत होती. लग्न का केलं नाही याची कारणं गल्लीत चार होती आणि गावात सात. त्यात एका शाळामास्तराचं होतं, एका चिनी कापडवाल्याचं होतं, आणि एक तर इतकं रंगलेलं होतं की ते ऐकून तिला स्वतःलाच स्वतःचा हेवा वाटला होता. खरं कारण कुणाच्या यादीत नव्हतं. मूल झालं असतं तर बाराव्या दिवशी ते कुणाच्या तरी नावाने ओळखावं लागलं असतं, आणि ते नाव तिच्या मधल्या भावाचं, नेंगाहचं, नसणार हे तिला आधीच ठाऊक होतं. पुतुच्या तीन मुलांत आणि त्यांच्या पोरांत एकेक करून सगळे परत आले: पणजी आली, चुलता आला, तरुणपणी गेलेली आत्या दोनदा आली. नेंगाह आला नाही. घरातले म्हणत, त्याला घाई नसेल. तो कुठे कधी घाई करायचा. आणि हसत. वार्सिकीही हसे, इतरांपेक्षा एक क्षण उशिरा.

नेंगाह तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यांच्या गावच्या, लेबाहच्या काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यापुढे, पोहत गेलं तर शंभरेक हातांवर, लढाईच्या काळातली एक जपानी बोट बुडालेली होती, आणि ती त्याचं शेत होती. कमरेला जाळी, एका हातात फसफस फवारा उडवणारी बाटली. बाटलीतलं विषारी पाणी प्रवाळाच्या फटीत मारलं की रंगीत मासे गुंगून बाहेर येत. ते पिशवीत भरून शहरात जात, तिथून विमानाने कुठेकुठे, कुणाच्या तरी दिवाणखान्यात. विष मारलेलं प्रवाळ आठवड्याभरात हाडासारखं पांढरं पडे. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. दुपारी भात निवायला लागला की मेमे वार्सिकीला किनाऱ्यावर पिटाळी, आणि ती गोट्यांवर उभी राहून, दोन्ही तळवे तोंडाशी धरून दादाला हाक मारी, "ब्ली नेंगाह, जेवायला चल." बाकी कुणी बोलावलं तर तो ऐकू न आल्याचं सोंग करी. बापाने शिव्या दिल्या तरी पाण्यातून वर यायचा नाही. तिच्या हाकेला यायचा. का, ते तिने कधी विचारलं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला वाटतं की हे असंच असतं आणि असंच राहणार.

एका दुपारी तो आला नाही. जुकुंग होडी नांगरलेली होती, आत त्याचा शर्ट घडी करून ठेवलेला. सगळा गाव चार दिवस पाणी धुंडाळत होता. पाचव्या दिवशी पुजाऱ्याने पंचांग पाहून सांगितलं की बोलावणं उद्याच करावं लागेल, नाहीतर पुढचा दिवस महिन्याने. बुडून गेलेल्याचा जीव जागेवरच घोटाळत राहतो. त्याला हाक मारून, ताडाच्या पानांच्या बाहुलीत घेऊन, घरी आणावं लागतं, तेव्हा कुठे पुढचं दहन करता येतं, देह असो नसो. हाक कुणी मारायची याचा विचारसुद्धा झाला नाही. आणि त्याच पहाटे वार्सिकी उठली तेव्हा तिच्या कमरेच्या सारोंगला डाग होता. अशा दिवसांत देवळाची पायरी चढायची नाही, नैवेद्याला हात लावायचा नाही, ही गोष्ट या बेटावर पोरींना दात पडायच्या वयात कळते. ती दोन घड्या जास्त बांधून किनाऱ्यावर गेली. पुजाऱ्याने विचारलं, "सगळ्या स्वच्छ ना?" बायांनी माना हलवल्या. तिने हलवली. तेवढंच. मान हलवायला जितका वेळ लागतो तितकाच. मग तिने हाक मारली, दिव्याची ज्योत वाकली, पुजारी म्हणाला आला, सगळे रडले, आणि बाहुली घरी नेताना मेमे तिला वाटेतले दगड सांगत होती. तिला एकटीला माहीत होतं की बाहुलीत कुणी नाही. कोरड्या पानांचं वजन होतं तेवढंच होतं.

त्यानंतर घरावर जे जे आलं ते तिने आपल्याच खाती घेतलं. बापा माडावरून पडून गेले, पुतुच्या बायकोचं पहिलं गेलं, डुकरांना रोग लागला. आगुंग डोंगर धुमसला आणि अख्खा किनारा उठून छावण्यांत गेला, तेव्हा तोही तिने आपल्याच नावावर मांडला. इतरांनाही त्यात थोडा वाटा असेल ही शक्यता तिला मानवली नाही. दुःखातही माणूस हावरट असतो. महिन्याचे दिवस ती चारऐवजी पाच पाळी, कधी सहा. शहरात कुणी बघायला नव्हतं, तरी पाळी. आणि या वर्षी ते आपोआप थांबलं. तीन महिने वाट पाहिली, चौथ्या महिन्यात तिला कळलं की आता मोजायला काही उरलं नाही, आणि रिकाम्या गोदामाच्या राखणदारासारखी ती काही दिवस नुसतीच बसून राहिली.

लेबाहला ती बोलावण्याच्या दोन दिवस आधी पोचली. मेमे ओट्यावर नैवेद्याची पानं कातरत बसली होती. एक्याऐंशी वर्षांची, पाठीची कमान झालेली, पण सुरी अजून सरळ चालत होती. "वाळलीस," मेमे म्हणाली. गेली पंचवीस वर्षं ती हेच म्हणत होती. तो हिशेब धरला तर एव्हाना वार्सिकी उरायलाच नको होती. नेंगाहचं नाव कुणी काढलं नाही. पुतुचा नातू पाळण्यात झोपला होता आणि झोपेत बापांसारखा ओठ मुडपत होता. वार्सिकी त्याच्यावर वाकली आणि तिला वाटलं की तो डोळे उघडेल आणि तिच्या मागे कुणाकडे तरी पाहील. त्याने उघडले नाहीत.

बोटीसमोर आता कर्तामाची टपरी होती. कर्तामा नेंगाहचा सोबती, बोटीवर मासे पकडायला त्याच्याबरोबर जाणारा. त्या दिवशी तेवढा चुलतभावाच्या लग्नाला गेला होता. आता साठीला आला होता आणि परदेशी लोकांना काचेचे मुखवटे, श्वासाच्या नळ्या आणि रबरी पंजे भाड्याने देत होता. ज्या बोटीवर त्याने विष मारलं तीच आता तो लोकांना दाखवायचा. "बत्तीस वर्षं पाण्यात पाय घातला नाहीस," तो म्हणाला, "आणि पहिल्याच दिवशी बोटीवर जाणार. उद्या चंद्रावर पण नेऊ का?"

"पोहता येतं मला."

"पोहणं विसरत नाही माणूस. दम विसरतो. हे घाल." त्याने मुखवट्याच्या काचेवर आतून थुंकी फिरवली आणि धुतली. वार्सिकीने ते पाहिलं. "नळी दातांत हलकी धर. चावू नकोस. नळी आहे ती, नवरा नाही."

"तुझ्या बायकोला सांगू का हे?"

"तिनेच शिकवलंय," कर्तामा म्हणाला.

कमरेइतक्या पाण्यात तिने तोंड बुडवलं आणि झटक्याने बाहेर काढलं. पुन्हा बुडवलं. मासे आणि गोटे नंतर दिसले. आधी तिला ऐकू आलं. पाण्याखाली जग गप्प होतं आणि त्या गप्पपणात एक श्वास चालला होता, खरखरीत, लांबलचक, अगदी कानाशी. कुणीतरी शेजारी झोपल्यासारखा. तो आपला आहे हे कळायला तिला वेळ लागला, आणि कळल्यावरही पूर्ण पटलं नाही. लहानपणी तीन भावंडं एका चटईवर झोपत, मध्ये नेंगाह. त्याच्या नाकाचं हाड एकदा मोडलं होतं म्हणून त्याचा श्वास असाच वाजे, आणि ती चिडून त्याला कोपर मारी. "शांत," कर्तामा वरून म्हणाला, "जड श्वास घेऊ नकोस. कुणी पळवून नेत नाही हवा." ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मुखवट्यात पाणी गेलं, ती म्हणाली. कर्तामाने मान हलवली. त्याच्या धंद्यात ही सबब तो रोज ऐकत होता.

बोलावण्याच्या दिवशी सकाळी समुद्र तव्यासारखा सपाट होता. पुतु, त्याची बायको, सुना, शेजारचे चारपाच, पांढरी छत्री, नैवेद्याच्या टोपल्या. पुजारी नवा, जुन्याचा मुलगा, पण प्रश्न तोच, आणि विचारण्याची पद्धतही बापाचीच, कुणाकडेच न पाहता. "सगळ्या स्वच्छ ना?" बायांनी माना हलवल्या. वार्सिकी या एका क्षणासाठी देनपसारहून निघाल्यापासून तयारी करत होती. या वेळी मान हलवायची आणि ती खरी असेल. तिने मान वर केली तेवढ्यात मेमे, कुणी तिला विचारलेलं नसताना, बाहुली मांडीवर घेऊन बसल्या जागेवरून म्हणाली:

"या खेपेला आहे ती."

पुजाऱ्याने म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं आणि तो घंटा शोधू लागला. पुतु छत्रीचा दांडा रोवत होता. समुद्राच्या काठावरच्या गोट्यांतून पाणी परत जाताना करकर आवाज करतं तसा एक आवाज वार्सिकीच्या डोक्यात चालू झाला. ती मेमेपाशी जाऊन उकिडवी बसली.

"तुला माहीत होतं."

"घरातलं धुणं कोण धुवायचं?" मेमे म्हणाली. बाहुलीच्या कमरेची गाठ ती घट्ट करत होती.

"मग थांबवलं का नाहीस मला?"

"आणि हाक कुणी मारायची? पुतुने? याच्या हाकेला कुत्रं तरी यायचं का?" मेमेने गाठ दाताने ओढली. तिला दोनच दात होते, पण नेमके समोरासमोर. "म्हटलं, पोर आहे, दुःखात आहे, देव एवढं चालवून घेईल. नाही चालवून घेतलं."

"मला सांगायचं तरी होतंस. इतकी वर्षं."

"तू सांगितलंस?"

 बत्तीस वर्षं दोघी एकाच दगडाच्या दोन बाजूंना पाठ टेकून बसल्या होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की मागे नुसता दगड आहे. वार्सिकीला मेमेचा राग येत होता, आणि त्या रागातलं खरं काय ते कळल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. आपलं एकटीचं होतं त्यात हिने न विचारता हात घातला, हा तो राग होता. लग्न, पोरं, देवळाची पायरी, शहरातली ती खोली, सगळं जिच्यावर उधळलं ती चूक आपल्या एकटीची नव्हतीच. आईने धुतलेल्या कपड्यांत ती पहिल्या दिवसापासून होती. मेमेने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, उठताना आधाराला ठेवतात तसा, पण उठली नाही. "जा," ती म्हणाली. "ऊन चढतंय. त्याला ऊन सोसत नाही."

कर्तामा तिच्या डाव्या बाजूला पोहत होता, एक हात तिच्या कोपराखाली. खाली गोटे गेले, वाळू आली, वाळूही उतरत गेली, आणि मग निळसर धुक्यातून बोट वर आली. पुढचं टोक तर इतकं वर की उभं राहिलं तर पाय टेकतील. वार्सिकीने बत्तीस वर्षं मनात जी बोट पाहिली होती तिला खोल्या होत्या, काळोखे जिने होते, आतून बंद होणारी दारं होती. ही गावच्या सभामंडपाहूनही लहान होती. फासळ्या उरल्या होत्या फक्त, माशाचं जेवण झाल्यावर ताटात उरतात तशा, आणि त्या फासळ्यांमधून ऊन थेट तळापर्यंत जात होतं. इथे कुणाला अडकून बसायला जागाच नव्हती. एका बाजूचं प्रवाळ जुनं, थोराड. दुसऱ्या बाजूचं कोवळं, फिकट जांभळं, वीसतीस वर्षांचं असेल. ती बाजू कुणाची होती ते तिला कर्तामाने सांगावं लागलं नाही. त्यातून ते रंगीत मासे आत-बाहेर करत होते, पूर्वी पिशवीत भरून जात तेच, आणि कुणालाच घाबरत नव्हते. पिवळे पंजे लावलेलं एक परदेशी जोडपं वरून तरंगत गेलं. त्यातल्या बाईने वार्सिकीला अंगठा उंचावून दाखवला, किती सुंदर ना, अशा अर्थाने. वार्सिकीने, काय करावं न कळून, तिलाही अंगठा दाखवला.

किनाऱ्यावरून घंटेचा आवाज आला, पातळ, पाण्यावरून घसरत. हाक मारायची वेळ झाली होती. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की तोंडात नळी असताना हाक मारता येत नाही. नळी काढली, डोकं वर केलं, तर खालचं काही दिसत नाही. पाण्याचं चकचकीत पातं तेवढं दिसतं. खाली पाहावं तर मुकं व्हावं लागतं. ती थोडा वेळ तशीच राहिली, तोंड पाण्यात, तो खरखरीत श्वास ऐकत. नेंगाह तेवीस वर्षांचा होता. आज तो तिला ओळखणार कसा? तो सतरा वर्षांच्या मुलीचा आवाज ओळखत होता, आणि तो आवाज घेऊन ती मुलगी केव्हाच कुठेतरी निघून गेली होती. कर्तामाने कोपराला हलकेच ढकललं.

तिने नळी थुंकून टाकली, मुखवटा कपाळावर चढवला आणि हाक मारली. पहिली घशातच खारट झाली. दुसरी निघाली.

"ब्ली नेंगाह, जेवायला चल."

आणि ती दचकली, कारण ती तिची नव्हती. तो मेमेचा आवाज होता, पन्नाशीतल्या मेमेचा, ओट्यावरून सगळ्या घराला उठवणारा, शेवटच्या अक्षराशी किंचित फाटणारा. हा आवाज तर त्याने आयुष्यभर न ऐकल्यासारखा केला होता. तिसरी हाक तिने तरीही मारली. मारायचीच होती. तिच्यातलं "चल" पाण्यात पडलं.

 किनाऱ्यावरची ज्योत वाकली की नाही ते इतक्या लांबून दिसत नव्हतं. पुजारी दिव्यावर वाकला होता, अजून बघत होता, आणि तेवढ्यात मेमे उठून उभी राहिली. पाण्यावर आवाज फार स्वच्छ येतो. "आला," ती म्हणाली. तसंच म्हणाली, कुणी विचारायच्या आत, देवाने तोंड उघडायच्या आत. "चला घरी. थांबायचं नाही आता." पुजाऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग घंटा वाजवली. पुतुने छत्री उपटली. मेमे बाहुली छातीशी धरून सगळ्यांच्या पुढे निघाली, वाकलेली, पण भराभर, आणि तिचं बोलणं सुरू झालं: इथे पायरी आहे, इकडे मिठाची डोणी ठेवलीय, जपून, हे घर नवीन, तू असताना नव्हतं, तो बघ बापांचा माड, तो आता नाही, तोडला. आणि मध्येच रागावून, इतका उशीर करतात का, भात निवला.

"बघायचं का अजून?" कर्तामाने विचारलं. त्याच्या आवाजात गिऱ्हाइकाशी बोलायची सवय होती, आणि तिच्याखाली दुसरंही काही होतं. तो स्वतः खाली बघत नव्हता.

मुखवटा कपाळावरच होता. एकदा डोळ्यांवर ओढून तोंड बुडवलं असतं तर कळलं असतं, निदान तिला तरी कळलं असतं, की खाली आता कुणी आहे की नाही. बाहुलीत काय आहे ते मेमेला माहीत होतं, किंवा नव्हतं. पांढरी छत्री माडांमध्ये शिरली आणि मेमेचं बोलणं बारीक होत गेलं, पण थांबलं नाही.

"नको," वार्सिकी म्हणाली.

ती पाण्यावर उताणी झाली. कान बुडाले, तोंड उन्हात राहिलं, आणि डोळे मिटून, पाठ बोटीकडे करून, ती हळूहळू हात मारत किनाऱ्याकडे निघाली.